चित्तप्रसाद : चळवळीने न फेडलेले ऋण

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये मोर्चासाठी फलक हवा असला म्हणजे हल्ली कार्यकर्ता पेंटरकडे जात नाही. तो फ्लेक्सच्या दुकानात जातो. दुकानातला मुलगा संगणकावर ‘भूक’ किंवा ‘दुष्काळ’ असा शब्द टाकतो, समोर येणाऱ्या चित्रांतून एक उचलतो, त्यावर मागण्यांची यादी आणि पुढाऱ्यांचे हसरे चेहरे चढवतो आणि तासाभरात फलक गुंडाळून हाती ठेवतो. अशा रीतीने उचलल्या जाणाऱ्या चित्रांत एखादे काळ्या शाईतले रेखाटन असते. हाडांचा सापळा झालेला माणूस, जवळ रिकामे भांडे, आणि मागे नुसता मोकळा कागद. त्या चित्राखाली नाव नसते. फलक धरणाऱ्याला ते कोणाचे हे ठाऊक नसते आणि पैसे मोजणाऱ्या पदाधिकाऱ्यालाही नसते. चित्र परिणामकारक आहे, प्रश्न आजचा आहे, एवढ्यावर सर्वांचे समाधान होते.

असे रेखाटन पुष्कळदा चित्तप्रसाद यांचे असते. आडनाव भट्टाचार्य; पण ते जातीची खूण म्हणून त्यांनी टाकून दिले होते. २१ जून १९१५ रोजी बंगालमधील नैहाटी येथे त्यांचा जन्म झाला आणि १३ नोव्हेंबर १९७८ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. ह्या दोन तारखांमधील सुमारे तीस वर्षे त्यांनी मुंबईत, अंधेरीत, काढली. म्हणजे ज्या शहरात गिरणी कामगारांचे लढे झाले, नाविकांचे बंड झाले, संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला, त्याच शहरात हा माणूस चित्रे कोरीत बसला होता. महाराष्ट्रातील डाव्या चळवळीचे जे इतिहास मराठीत लिहिले गेले त्यांत शाहिरांना प्रकरणे मिळाली, नाटककारांना परिच्छेद मिळाले. ह्या चित्रकाराच्या वाट्याला ओळ आली तरी पुष्कळ. ते बंगाली होते, हे कारण पुढे केले जाईल. पण चळवळीला माणूस वापरताना त्याची मातृभाषा कधी आडवी आली नव्हती, ती स्मरण ठेवतानाच का यावी?

ज्या कामामुळे त्यांचे नाव झाले त्याचा विचार कलासमीक्षकांनी पुष्कळ केला आहे. अर्थशास्त्राच्या अंगाने तो फारसा झालेला नाही. १६ ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मेदिनीपूर जिल्हा उद्ध्वस्त झाला आणि पुढच्या वर्षी बंगालभर दुष्काळ पसरला. नोव्हेंबर १९४३ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या कामासाठी चित्तप्रसाद त्या जिल्ह्यात हिंडले, शाईने रेखाटने केली आणि सोबत प्रवासाचा वृत्तान्त लिहिला. त्याचे पुस्तक ‘हंग्री बेंगॉल’ ह्या नावाने निघाले. त्या रेखाटनांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील माणसे ‘दुष्काळग्रस्त’ ह्या एकाच नावाने वावरत नाहीत. अनेक चित्रांत त्या माणसाचे नाव आहे, गाव आहे, तो काय विकून कोठून कोठे आला ह्याची नोंद आहे. आधी भांडी जातात, मग गुरे, मग जमिनीचा तुकडा, मग घरातील माणसे पांगतात. हा क्रम चित्रकाराने डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला.

सरकारने नेमलेल्या वुडहेड आयोगाने १९४५ मध्ये बळींची संख्या सुमारे १५ लाख दिली. नंतरच्या अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या आसपास नेली. परंतु ‘का मेले’ ह्या प्रश्नाचे अधिकृत उत्तर दीर्घकाळ एकच होते: धान्य कमी पडले. १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांचा दारिद्र्य आणि दुष्काळ ह्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ह्या उत्तराला धक्का बसला. बंगालमधील १९४३ चा तांदळाचा पुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता, उलट काहीसा जास्तच होता. आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडलेला नव्हता. धान्य होते, पण शेतमजूर, कोळी, भात सडणाऱ्या बायका, छोटे कारागीर ह्यांच्या मजुरीत ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. युद्धकालीन महागाईने त्यांच्या श्रमाचे मोल एका हंगामात मातीमोल केले होते. सेन यांच्या आकडेवारीवर पुढे वाद झाले, ते व्हावयासच हवेत. पण मुद्दा असा की, दुष्काळ सर्वांवर सारखा कोसळत नाही, तो धंद्याधंद्याने माणसे निवडतो, ही गोष्ट अर्थशास्त्राने कोष्टकांतून सिद्ध करण्याच्या अडतीस वर्षे आधी एका चित्रकाराच्या वहीत उमटलेली होती. वास्तववादी कला म्हणजे हुबेहूब नाक-डोळे काढणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ह्या वहीपाशी थोडे थांबावे. समोरच्या माणसाची ही दशा कोणत्या व्यवहाराने झाली हे ज्या रेषेला समजते, ती रेषा वास्तववादी. ब्रिटिश सरकारला तरी ते बरोबर समजले होते. पुस्तकाच्या ५,००० प्रतींपैकी जवळजवळ सर्व जप्त होऊन नष्ट करण्यात आल्या. कुटुंबाने जपलेली एक प्रत राहिली, आणि तिच्यावरूनच २०११ मध्ये त्या पुस्तकाची प्रतिकृती निघू शकली.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. त्याच दुष्काळात सुनील जाना कॅमेरा घेऊन फिरत होते. त्यांची छायाचित्रे जगभर गेली. मग हाताने काढलेल्या चित्राची मातब्बरी काय, आणि आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे! ह्या आक्षेपाचे एक उत्तर छापखान्याचे आहे. त्या काळच्या हलक्या कागदावर छायाचित्राचा हाफटोन ठसा काळवंडून जाई, तर रेखाचित्राचा लाइन ब्लॉक स्वस्त पडे आणि स्वच्छ उठे. ‘पीपल्स वॉर’ सारखे पक्षाचे साप्ताहिक हाती घेणाऱ्या मजुराला ते चित्र दिसावे, ही साधी गरज होती. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. छायाचित्र क्षणात निघते. रेखाटनाला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ चित्रकाराला त्या माणसाशेजारी बसावे लागते. शेजारी बसले म्हणजे नाव विचारावे लागते. हातात मोबाइल घेऊन वस्तीत जाणारे आजचे किती कार्यकर्ते छायाचित्र घेतलेल्या बाईचे नाव सांगू शकतील? जाना यांच्या कामाचे मोल ह्याने तिळमात्र कमी होत नाही. तेही माणसांत राहून काम करणारे होते. प्रश्न यंत्राचा नाही, घाईचा आहे.

पूरनचंद जोशी हे पक्षाचे सरचिटणीस असेपर्यंत चित्रकार, छायाचित्रकार, गायक, नट ह्यांना पक्षात मानाचे पान होते, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागते. १९४३ मध्ये मुंबईत इप्टा स्थापन झाली. तिचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह चित्तप्रसाद यांचेच. फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांच्या उठावावर त्यांनी केलेली चित्रे आजही त्या घटनेची ओळख म्हणून छापली जातात. मग १९४८ उजाडले. कलकत्त्याच्या अधिवेशनात जोशी गेले, बी. टी. रणदिवे आले, स्वातंत्र्य खोटे ठरले, आणि जो लगेच बंदूक उचलीत नाही तो संशयित ठरला. अशा हवेत चित्रकाराचे काय काम? चित्तप्रसाद पक्षापासून दूर झाले. त्यांनी पक्षाविरुद्ध पुस्तके लिहिली नाहीत, पश्चात्तापाची निवेदने काढली नाहीत, दुसऱ्या छावणीत जाऊन पदके मिळवली नाहीत. ते अंधेरीच्या खोलीत गेले आणि काम करीत राहिले.

ह्याच वर्षी मुंबईपासून लोकलच्या अंतरावर काय घडत होते? कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित उतरत होते. ज्या बराकींत शिपायांच्या रांगा झोपल्या होत्या त्यांत पोत्यांचे पडदे लावून कुटुंबे राहू लागली. जवळजवळ एक लाख माणसे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. कॅम्पांचे क्रमांक मात्र तसेच राहिले, आणि आजही लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’ असेच म्हणतात. त्या जीवनाची कागदपत्रे सरकारी आहेत: रेशनची कार्डे, १९५० च्या कायद्याखाली केलेले दावे, १९५४ च्या कायद्याखाली ठरलेली भरपाई. कोणी किती एकर आणि किती घरे मागे टाकली ह्याचा हिशेब फायलींत सापडतो. बराकीत पहिल्या रात्री म्हातारीने आपले गाठोडे कोठे ठेवले, ते मात्र कोणत्या रेखाटनात शोधावे? १९४३ मध्ये एका पक्षाला आपला चित्रकार मेदिनीपूरला धाडण्याची बुद्धी झाली होती. पाच वर्षांनी अंधेरीहून कल्याणला जाण्यास फार तर दोन गाड्या बदलाव्या लागल्या असत्या, पण पाठवणारे भूमिगत होते आणि माणूस ओळखीचा राहिला नव्हता. समाजवाद्यांनीही स्वतःकडे बोट वळवावे. मार्च १९४८ मध्ये नाशिकला काँग्रेसबाहेर पडलेल्या समाजवादी पक्षाकडे निष्ठावंत तरुण होते, राष्ट्र सेवा दलाचे नामांकित कलापथक होते. पण त्या कलापथकात चित्रकलेचे स्थान नेपथ्याच्या पडद्यापुरते राहिले.

शाहीर आणि चित्रकार ह्यांना चळवळीने वेगळ्या मापाने मोजले, ह्याचे कारण अर्थशास्त्रात आहे, केवळ रसिकतेत नाही. शाहिराचे भांडवल त्याच्या गळ्यात असते. लाल बावटा कलापथकाच्या पोवाड्याला डफ, तुणतुणे आणि मैदान पुरे होई. ऐकणारा ते तोंडोतोंडी पुढे नेई. चित्रकाराला कागद लागतो, शाई लागते, ब्लॉक करून घ्यावा लागतो, छापून झालेल्या प्रती कोठेतरी ठेवाव्या लागतात. म्हणजे त्याच्या कलेला थोडा पैसा आणि थोडी जागा, दोन्ही सातत्याने लागतात, आणि सातत्याने काही देणे हेच आपल्याकडील पक्षांना कधी जमले नाही. (शाहिरांनाही काय मिळाले? १९६१ मध्ये सोव्हिएत देश पाहून आलेले, तेथे मान पावलेले अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गोरेगावात हलाखीतच गेले. तेव्हा शाहिरांचे कौतुक झाले म्हणजे त्यांच्या चुली पेटल्या, असा अर्थ कोणी काढू नये.)

ह्यावर ‘रशियात पाहा, तेथे कलावंताला कसे सांभाळले’ असे म्हणणारे जुने सहानुभूतिदार अजून भेटतात. त्यांच्या घरी ‘सोव्हिएत देश’ चे अंक आणि गुळगुळीत कागदावरची ती रंगीत चित्रे अद्याप जपलेली असतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, म्हणून ते नीट तपासले पाहिजे. रशियात चित्रकलेच्या शिक्षणाची परंपरा क्रांतीने निर्माण केली नाही, टिकवली. रेपिन, सुरिकोव्ह, सेरोव्ह, व्रुबेल ह्या एकमेकांपासून अगदी भिन्न चित्रकारांचा शिक्षक एकच, पावेल चिस्त्याकोव्ह. हाडे कशी वळतात, वजन कोठे पडते, प्रकाश पडल्यावर आकार कसा बदलतो हे वर्षानुवर्षे शिकवणारी ती पद्धत होती, आणि सोव्हिएत काळातील लेनिनग्राड व मॉस्को येथील संस्थांनी ती सामान्य घरांतील मुलांपर्यंत नेली. हे लहान काम नव्हे. पण २३ एप्रिल १९३२ च्या ठरावाने सर्व स्वतंत्र कलागट मोडण्यात आले आणि त्यानंतर वास्तव कसे दिसावे हे ठरवण्याचा अधिकार कचेरीकडे गेला. रेपिनचे शिष्य इसाक ब्रॉड्स्की १९३४ मध्ये अकादमीचे संचालक झाले. लेनिन पदक मिळवणारे ते पहिले चित्रकार. हाताचे कौशल्य वादातीत. अलेक्सान्द्र गेरासिमोव्ह १९४७ मध्ये सोव्हिएत कला अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले; क्रेमलिनमध्ये फेरफटका मारणारे स्तालिन आणि वोरोशिलोव्ह हे १९३८ मधील त्यांचे चित्र घरोघर पोचले. १९३३ मध्ये युक्रेनमध्ये माणसे अन्नावाचून मरत होती. त्या दुष्काळाचा चित्तप्रसाद कोण? पगार, कार्यशाळा, विद्यार्थी, पदके सर्व काही असलेल्या त्या देशात सरकारी मान्यतेने तशी एक वही निघू शकली नाही. येथे मात्र एक निर्धन माणूस ती काढून गेला.

म्हणून सोव्हिएत वास्तववाद सगळाच टाकाऊ, असा निष्कर्ष काढणे हे आणखी एक आळशीपण होईल. गेलिय कोर्झेव यांचे उदाहरण घ्या. १९२५ मध्ये जन्मलेले कोर्झेव मॉस्कोच्या स्त्रोगानोव्ह संस्थेत अनेक वर्षे शिकवीत होते. १९६८ ते १९७५ ह्या काळात ते रशियन प्रजासत्ताकाच्या चित्रकार संघाचे प्रमुख होते. म्हणजे व्यवस्थेच्या आतला माणूस. पण साठीच्या दशकात विजयाचे सोहळे चालू असताना त्यांनी रंगवला तो युद्धातून परतलेला, भाजून एक डोळा गमावलेला शिपाई, समोर रोखून पाहणारा. त्याच्या छातीवर पदके नाहीत. ‘कम्युनिस्ट’ ह्या त्यांच्या चित्रत्रयीतील मधल्या चित्रात पडलेल्या साथीदाराच्या हातून निशाण उचलणारा कामगार आहे. तो घोषणा देत नाही, जमिनीवरून जड अंगाने उठतो आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर नव्या राजवटीने देऊ केलेला सन्मान त्यांनी नाकारला. पगारी चित्रकारही सत्य सांगू शकतो. मात्र त्यासाठी त्याने पगार देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाठ फिरवावी लागते, आणि तशी पाठ फिरवू देणारी संस्था लागते. येथील पक्षांनी सोव्हिएत संघाकडून घ्यावयाची होती ती शिक्षणाची शिस्त. घेतली ती मात्र पुढाऱ्याचे चित्र मोठे करण्याची सवय, आणि ती फ्लेक्सच्या रूपाने कॅम्प नं. ३ च्या चौकाचौकात लटकते आहे.

दुसऱ्या बाजूला कलादालनांचे लोक. त्यांनी चित्तप्रसाद यांना हयातीत ‘प्रचारक’ म्हणून बाजूला सारले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटाचा उदय आणि चित्तप्रसाद यांचे एकाकी होणे ह्या एकाच शहरातील आणि जवळजवळ एकाच वर्षीच्या गोष्टी आहेत. त्या गटातील सूझा तर कम्युनिस्ट पक्षात येऊन गेलेले. चित्र कसे काढावे हे पक्ष सांगू लागला तेव्हा ते बाहेर पडले आणि १९४९ मध्ये परदेशी गेले. त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. पण ज्या बाजाराने पुढे त्या चित्रांच्या किमती ठरवल्या त्याच बाजाराने आता चित्तप्रसाद यांनाही शोधून काढले आहे. दिल्लीच्या एका खासगी कलादालनाने २०११ मध्ये त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरवले आणि अनेक खंडांचा ग्रंथ काढला. वर सांगितलेली प्रतिकृती त्याच उपक्रमात निघाली. त्यांच्या लिलावांचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. जे काम पक्षांनी करावयाचे ते व्यापाऱ्याने केले, तेव्हा व्यापाऱ्याला शिव्या देण्यात पुरुषार्थ नाही. तरीही ह्या व्यवहारातील विसंगती नोंदवलीच पाहिजे.

चित्तप्रसाद यांनी पुढील आयुष्यात जे माध्यम मुख्यतः वापरले ते लिनोकट. जमिनीवर अंथरण्याच्या लिनोलियमचा तुकडा, एक कोरणी, शाईचा रूळ, एवढ्यावर काम होते; छापयंत्र नसले तर चमच्याच्या पाठीने कागद घासूनही ठसा उठतो. एका तुकड्यातून शंभर प्रती निघतात आणि शंभरावी प्रत पहिलीइतकीच अस्सल असते. तैलचित्र एकच असते, म्हणून ते एकाच्याच भिंतीवर जाते. त्याची दुर्मिळता हीच त्याची किंमत. लिनोकट हे मुळात दुर्मिळतेविरुद्ध उभे राहिलेले माध्यम आहे. मजुराच्या खोलीत लावता यावे म्हणून कोरलेली ती चित्रे आज चौकटीत बसून, मोजक्या प्रतींची दुर्मिळ वस्तू म्हणून विकली जातात. चित्रात भुकेले मूल असते आणि किंमत हजारो-लाखांत असते. बाजारात हा विनोद नाही, नियम आहे.

त्या भुकेल्या मुलांविषयी. १९५० नंतरच्या वर्षांत चित्तप्रसाद यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांची एक लिनोकट मालिका कोरली. बूट पुसणारी, ओझी वाहणारी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन काम करणारी, पदपथावर झोपलेली मुले. युनिसेफच्या डॅनिश समितीने १९६९ मध्ये ती पुस्तकरूपाने काढली. नावाचा अर्थ ‘परीकथांवाचून देवदूत’. भारतात, ज्या शहरातील ती मुले होती तेथे, तिचा गाजावाजा झाला नाही. चित्रांत दयेची याचना नाही. मुले कामात गुंतलेली आहेत आणि कामाचा भार त्यांच्या मानेवर, खांद्यांवर कसा पडतो हे चित्रकाराने वजनकाट्यासारखे टिपले आहे. आज कॅम्प नं. ३ मधून पाचकडे चालत गेले तर जीन्सच्या धंद्याचा पसारा दिसतो. कापड कापणारा एक, शिवणारा दुसरा, धुणारा तिसरा. आणि शेवटी घरोघर वाटली जाणारी, नगावर पैसे मिळणारी धागे कापण्याची कामे. दारात बाई बसते, मांडीशी पँटींचा ढीग, आणि शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून दुसरी कात्री उचलते. कारखाना-निरीक्षक येथे येत नाही, कारण कायद्याच्या लेखी हा कारखानाच नाही. धुलाईच्या रंगाने वालधुनी निळी झाली तेव्हा तिचे छायाचित्र वर्तमानपत्रांत आले. कात्री धरलेल्या त्या बोटांचे कोठेही आले नाही. ते पाहावयास कोणीतरी दारात तासभर बसावे लागेल.

आणि चित्तप्रसाद केवळ पाहून गप्प बसले नाहीत. एका चेक मित्राच्या सहवासात त्यांना कळसूत्री बाहुल्यांचा नाद लागला. त्यांनी ‘खेलाघर’ नावाचा बाहुल्यांचा खेळ उभा केला. बाहुल्या स्वतः घडवल्या, कपडे शिवले, गोष्टी लिहिल्या आणि आसपासच्या गरीब वस्त्यांतील मुलांना ते खेळ दाखवले. कलाशाळेची पायरी त्यांनी स्वतः विद्यार्थी म्हणून चढली नव्हती, शिक्षकाची नेमणूकही त्यांना कधी मिळाली नाही. पण ज्या मुलांच्या आयुष्यात परीकथा नाहीत असे चित्रात दाखवले त्यांच्यासाठी परीकथा तयार करावयास बसणे, ह्याला शिक्षकाचे काम नाही तर काय म्हणावे? त्यांची चित्रे प्राहाच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. मुंबईतील किती शाळांच्या भिंतीवर ती आहेत ह्याची चौकशी एखाद्या शिक्षक संघटनेने करून पाहावी.

शाळेचा विषय निघालाच आहे तर तोही टाळता येणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुले असल्यास कलाशिक्षणासाठी ‘अंशकालीन निदेशक’ असावा असे म्हटले. अंशकालीन! गणिताला पूर्ण शिक्षक, चित्रकलेला अर्धा. आणि शंभराच्या आत मुले असतील तर तोही नाही. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षांची जुनी परंपरा आहे; खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलांना तिने पेन्सिल धरावयास शिकवले. आता त्या परीक्षेचे प्रमाणपत्र दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळवून देते, आणि पालक तेवढ्यासाठी शिकवणी लावतात. मूल स्थिरचित्रातील सुरई पाठ करून जाते. घरातील दिव्याखाली धागे कापणारी आई त्याला समोर दिसत असते, पण ती चित्राचा विषय होऊ शकते असे त्याला कोणी सांगितलेले नसते. डाव्या आणि समाजवादी शिक्षक संघटनांनी वेतनश्रेणीसाठी लढे दिले, ते रास्तच होते. कलाशिक्षकाचे पद पूर्ण वेळ असावे ह्यासाठी कितीदा घंटानाद झाला?

‘आधी पोटाचे प्रश्न, मग चित्रे’ हे वाक्य कार्यकारिणीच्या बैठकीत आजही ऐकू येते. ते उच्चारणाऱ्याने पोटाच्या प्रश्नावरचा आपला फलक उलगडून पाहावा. त्यावर चित्र आहेच. चित्र लागते, चित्रकार लागत नाही, असा हा हिशेब आहे. गिरणीमालक कामगाराविषयी असेच बोलत असे: हात हवेत, माणूस नको.

शाखांनी काय करावे ह्याचा विचार करताना मोठ्या कलाकेंद्रांच्या योजना कोणी आखू नयेत. त्या कागदावरच राहतात. कॅम्प नं. ३ आणि आसपास असे किती पेंटर असतील, ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे फलक, निवडणुकीच्या भिंती रंगवल्या आणि फ्लेक्स आल्यावर ब्रश घासलेटच्या डब्यात ठेवून दिले. कोणी रिक्षा चालवतो, कोणी मुलाच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसतो. त्यांना अक्षराचे वळण येते, चौकटी पाडून चेहरा मोठा करता येतो, दुरून काय दिसते आणि काय दिसत नाही ते कळते. युनियनच्या कचेऱ्या रविवारी सकाळी बंदच असतात. तेथे अशा एखाद्या पेंटरला बोलवावे, तासाप्रमाणे रोख मानधन द्यावे, आणि ते ‘कार्यासाठी’ म्हणून माफ करून घेऊ नये. लिनोलियम, कोरण्या, शाई, कागद ह्यांचा वर्षाचा खर्च एका मोठ्या सभेच्या मंडपापेक्षा कमी येईल. धागे कापणाऱ्या घरांतील दहा मुले जरी आली तरी चालेल. पहिल्या दिवशी त्यांनी आपापल्या घरातील कामाची जागा काढावी, आणि चित्राखाली काम करणाऱ्या माणसाचे नाव लिहावे.